गोव्याच्या उकाड्यात घरची बिअर: सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याचा. नोकरीसाठी सात वर्षं इंग्लंडात स्विंडनला होतो. तिथे शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बिअर करायला शिकलो आणि मग स्वतःच्या स्वयंपाकघरात करू लागलो. गावी परतल्यापासून ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. थंड देशात लिहिलेल्या कृती जशाच्या तशा आपल्याकडे उचलल्या की फसतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण उकाडा असतो. म्हणून इथे तापमानाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

गोव्यात घरी बिअर केलेली कायद्याला चालते का?

परवान्याशिवाय नाही. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे आणि कोणतंही मद्य तयार करायला त्याखाली परवाना लागतो. काजूच्या भट्ट्याही परवान्यावरच चालतात. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायद्याने तशी मोकळीक दिली. ते वाचून आपल्याकडेही तसंच असेल असं धरू नका. "थोडीशीच केली, विकली नाही" हा बचाव होत नाही. तुमच्या बाबतीत काय शक्य आहे ते तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरं म्हणजे गोव्यात मद्य पिण्याचं कायदेशीर वय ठरलेलं आहे. त्याखालच्या मुलांना या कामात हाताशी घेऊ नका.

मग परवाना नसताना हे वाचून उपयोग काय?

बराच आहे. इंग्लंडात, पोर्तुगालात राहणारे आपले कितीतरी लोक आहेत, त्यांना तिथे हे करता येतं. इथे कुणाला छोट्या ब्रूअरीत काम शिकायचं असतं. आणि आंबवणीच्या अलीकडची सगळी कामं कुणालाही घरी करून पाहता येतात: धान्याला मोड आणणं, त्याचा गोड काढा काढणं, भांडी निर्जंतुक करणं आणि नुसत्या पाण्याने भरलेली बादली चार दिवस एका तापमानावर धरून दाखवणं. या शेवटच्या तालमीला मी 'पाण्याची बिअर' म्हणतो. जो भेटतो त्याला आधी तीच करायला सांगतो.

बिअर तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

नाचणीचं सत्त्व घरी केलं असेल तर अर्धं तुम्हाला ठाऊक आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड येताना दाण्यात अशी विकरं (एन्झाइम) तयार होतात जी पिठाची साखर करू शकतात. जव, म्हणजे बार्ली, याच रीतीने मोड आणून भट्टीत वाळवली की तिला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती विकरं कामाला लागतात आणि पाणी गोड होतं. या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. त्यात हॉप्स ही कडू, सुगंधी फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं.

यीस्टही आपल्याला नवं नाही. सान्नं फुगतात ती सुरेने, कारण माडाच्या त्या रसात जंगली यीस्ट असतं. गंमत म्हणजे बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध शुद्धतेच्या फर्मानात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स एवढंच लिहिलं होतं. यीस्टचा उल्लेखच नव्हता, ते काय असतं हे तेव्हा कुणाला कळलेलं नव्हतं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तेव्हापासून दर खेपेला तीच चव मिळवणं शक्य झालं.

साहित्य कुठे मिळतं? हॉप्स परसात लावता येतील का?

माल्ट भारतात होतं. जवाचं पीक राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात निघतं. हॉप्स मुख्यतः परदेशातून गोळ्यांच्या स्वरूपात येतात. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्यांची लागवड झालेली आहे, पण गोव्यात वेल लावून फळ नाही. हॉप्सला उन्हाळ्यातले खूप लांब दिवस आणि हिवाळ्यातली थंडी लागते. आपण १५ अक्षांशावर, इथे दोन्ही नाही. गोळ्या मागवल्यात तर हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. यीस्टची पुडी फ्रिजमध्ये. पार्सल मे महिन्यात दोन दिवस कुठल्या तरी गोदामात तापत पडलं असेल तर ते यीस्ट मी तरी वापरणार नाही.

भांडी कोणती लागतात? वीस लिटरचा किट घेऊ का?

घेऊ नका. पाच लिटरपासून सुरू करा. पाच लिटर गॅसवर लवकर उकळतं, सिंकमध्ये थंड होतं, फसलं तर नुकसान थोडं. पंधरा लिटरचा स्टीलचा टोप, मलमलची मोठी पिशवी, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, ग्रॅम मोजणारा काटा, द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत मोजणारा हायड्रोमीटर, खाद्यपदार्थांसाठीची झाकणाची आठ लिटरची बादली आणि झाकणात बसणारा एअरलॉक. एअरलॉक म्हणजे पाण्याची छोटी नळी, आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. फेणी साठवायची मोठी काचेची बाटली बऱ्याच घरांत असते, ती वापरू का असं हमखास विचारतात. तिचं तोंड अरुंद, आत हात जात नाही, आणि काच ओल्या हातातून निसटली तर पायाला टाके पडतात. मी बादलीच्या बाजूने आहे.

नळाचं पाणी चालेल की विहिरीचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माल्टमधल्या घटकांशी संयोग होऊन ते बिअरला औषधाच्या दुकानासारखा वास देतं. पाणी आदल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं उकळून उघडं ठेवलं की क्लोरीन जातं. विहिरीचं पाणी आधी चाखा. जांभ्या दगडाच्या भागात लोह उतरलेलं असेल तर धातूची चव येते, किनाऱ्याजवळ मचूळपणा असतो. पाणी प्यायला गोड लागत नसेल तर बिअरही चांगली होणार नाही.

पहिल्या खेपेची कृती सांगा.

साधी फिकट एल, म्हणजे कोमट तापमानावर आंबणारी बिअर. भरडलेलं पेल माल्ट १ किलो २०० ग्रॅम, पाणी साडेआठ लिटर, साधारण ६ टक्के आल्फा आम्लाच्या (कडवटपणा देणारा घटक) हॉप्सच्या गोळ्या १६ ग्रॅम, कोरडं एल यीस्ट ४ ग्रॅम. माल्ट भरडच हवं. मिक्सरमध्ये पीठ केलंत तर पिशवीत लगदा होतो आणि काढा निथळत नाही. जातं असेल तर उत्तम.

पाणी ६९ अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवीतलं माल्ट त्यात सोडा आणि गुठळ्या मोडा. तापमान ६६-६७ वर येईल. टोपावर झाकण, वरून जुनी गोधडी, एक तास. मग पिशवी उचलून निथळू द्या, हलकेच दाबा. आता एक तास खळखळून उकळायचं, झाकण न ठेवता. उकळी येताच ८ ग्रॅम हॉप्स, त्यांचा कडवटपणा उतरतो. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले ८ ग्रॅम, ते वासासाठी. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा उतू जातो, तेव्हा टोपापासून हलू नका.

नंतर टोप सिंकमध्ये ठेवून थंड करायचा. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच इतकं कोमट असतं की नुसत्या पाण्याने काढा ३२ अंशांखाली उतरत नाही, सिंकमध्ये बर्फ लागतो. २० अंशांवर आला की बादलीत ओता, जोरात घुसळा म्हणजे हवा मिसळेल, आणि वर यीस्ट भुरभुरवा. साधारण पाच लिटर भरेल. हायड्रोमीटर सुरुवातीला १.०४७ च्या आसपास दाखवेल, शेवटी १.०११ च्या जवळ आला तर मद्यार्काचं प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. हायड्रोमीटर सहसा २० अंशांसाठी आखलेला असतो. नमुना ३० अंशांचा असेल तर तो सुमारे ०.००२ कमी दाखवतो, तेवढं मिळवा.

आमच्या घरात मे महिन्यात ३२ अंश असतात. बिअर होईल का?

साध्या एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. लागर या थंडीत आंबणाऱ्या प्रकाराला ८ ते १३ लागतात, त्यामुळे तापमान ठरवता येईल असा वेगळा फ्रिज नसेल तर लागरचा विचार सोडा. ३० अंशांवर एल यीस्ट मरत नाही, उलट धावत सुटतं. तीन दिवसांत काम संपवतं आणि मागे जड मद्यार्क सोडतं. चव नेलपॉलिशच्या रिमूव्हरसारखी, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. स्विंडनला एका जुलैत उन्हाची लाट आली होती, गॅरेज २९ अंशांवर गेलं आणि माझी अख्खी खेप अशीच वाया गेली. चार महिने ठेवून पाहिली, सुधारली नाही. तेव्हापासून मी आधी थर्मामीटर पाहतो, मग माल्टला हात लावतो.

फोंड्याच्या घरात मी पाण्याची बादली ठेवून वर्षभर मोजमाप घेतलं. पहिला प्रयोग: बादली पाण्याच्या टबात, अंगाभोवती ओला टॉवेल, समोर पंखा. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, दोन-तीन अंशांवर फरक पडत नाही, पावसाळ्यात तेवढाही नाही. दुसरा: टबात एक लिटरच्या गोठवलेल्या बाटल्या. जानेवारीत, खोली २६ अंशांवर असताना, याने काम भागलं. मेमध्ये मात्र दिवसातून तीनदा दोन-दोन बाटल्या बदलूनही बादली २४-२५ च्या खाली आली नाही.

तिसरा उपाय मासळीच्या थर्माकोलच्या पेटीचा. नवी, न वापरलेली पेटी घ्या, जुनीचा वास जात नाही. बादली आत, शेजारी गोठवलेली बाटली, वर झाकण. जानेवारीत सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली बदलून २० अंश टिकले. मेमध्ये दिवसाला चार बाटल्या लागल्या आणि २२ च्या आसपास राहिलं. शिवाय लाईट गेली तरी पेटीला काही होत नाही, आणि पावसाळ्यात ती जातेच. थर्मामीटरचं टोक बादलीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून वर कापडाची घडी बांधा, म्हणजे हवेचं नव्हे तर आतल्या द्रवाचं तापमान कळेल. आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, म्हणून पहिले तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहायचे. त्यानंतर एक-दोन अंश वाढले तरी चव बिघडत नाही.

माझं मत: पहिली खेप डिसेंबर-जानेवारीतच धरा. रात्री विशीवर येतात, बर्फ कमी लागतो आणि शिकणाऱ्याला चुकायला जागा मिळते.

उकाडा सोसणारं यीस्ट नाहीच का?

आहे, आणि ते आलं नॉर्वेहून. तिथल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाळवून जपलेल्या यीस्टला क्वाइक म्हणतात. त्यातलं वॉस गावाकडचं यीस्ट ३५ ते ४० अंशांवर खुशीत काम करतं आणि संत्र्याच्या सालीसारखा वास देतं. आता ते कोरड्या पुडीतही मिळतं. गोव्याच्या उन्हाळ्याला याहून योग्य यीस्ट मला माहीत नाही. तापमान आपल्या स्वयंपाकघराएवढंच हवं, मात्र स्थिर हवं. चार-पाच दिवसांत आंबवण उरकते. काढा ३२-३५ अंशांवर आला की यीस्ट सोडायचं, म्हणजे बर्फाचाही त्रास वाचतो.

स्वच्छता किती पाळायची?

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी साबणाशिवायच्या सोड्याने किंवा ब्रूइंगच्या पावडरीने घासून मळ काढायचा, कारण मळाखाली लपलेल्या जंतूंना कोणतंही औषध लागू पडत नाही. नंतर फॉस्फोरिक आम्लावर आधारलेलं, न विसळता वापरायचं द्रावण लावायचं. उकळल्यानंतर काढ्याला जे जे लागेल, म्हणजे बादली, झाकण, एअरलॉक, चमचा, तुमचे हात, ते सगळं यात भिजलेलं हवं. उकळण्याच्या आधीच्या भांड्यांना नुसतं धुणं पुरे. ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगर किंवा इतर आम्लात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि घासणी तारेची नको, प्लास्टिकवर ओरखडे पडले की त्यात जंतूंना कायमचं घर मिळतं.

मुंग्या, चिलटं, पावसाळी ओल यांचं काय?

मुंग्यांसाठी पेटीच्या पायाखाली पाण्याची परात, आपल्या आज्या मिठाईच्या डब्याला ठेवत तशी. चिलटं जास्त वाईट. आंबा-फणसाच्या दिवसांत ती घरभर असतात आणि त्यांच्या पायांवरून व्हिनेगर करणारे जीवाणू येतात. बादलीचं झाकण उगाच उघडू नका. माल्ट पावसाळ्यात ओल धरतं आणि टोके पडतात, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा. लागेल तेवढंच मागवा, भरडलेलं तर दोन-तीन आठवड्यांत संपवा.

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. झाली का बिअर?

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकण सैल असलं तरी ते थांबतात. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ तीन दिवस तोच आला तर आंबवण संपली. साध्या एलला दहा ते चौदा दिवस धरा.

बाटल्या फुटतात असं ऐकलंय.

फुटतात, आणि काच डोळ्यात जाऊ शकते, म्हणून हे काळजीपूर्वक वाचा. फेस यावा म्हणून बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खाऊन वायू करतं, तो बंद बाटलीत विरघळतो. प्रमाण लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटलीला ४ ग्रॅमच्या किंचित खाली. चमच्याने अंदाजाने घालू नका, सगळी साखर मोजून थोड्या पाण्यात उकळा आणि पूर्ण खेपेत मिसळा. बाटल्या फुटण्याची दोनच मोठी कारणं: साखर जास्त, किंवा आंबवण संपायच्या आधी भरणं.

बाटल्या बिअरच्याच जाड काचेच्या घ्या, त्याही तपकिरी. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉप्समधल्या कडू घटकांना उग्र दुर्गंध येतो, आणि आपल्या उन्हात त्याला फार वेळ लागत नाही. दारूच्या, सरबताच्या पातळ बाटल्या हा दाब सहन करत नाहीत. नवशिक्याने एक तरी बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की आत किती वायू झाला ते कळतं. दगडासारखी घट्ट झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. आपल्या हवेत हे आठ-दहा दिवसांत होतं. तोपर्यंत बाटल्या झाकणाच्या क्रेटमध्ये, पलंगाखाली नाहीत आणि मुलांच्या हाताला लागतील अशाही नाहीत.

घरच्या बिअरने विषबाधा होते का? मेथॅनॉलची भीती वाटते.

विषारी दारूच्या बातम्यांत मेथॅनॉल बहुधा बाहेरून मिसळलेलं, औद्योगिक असतं. धान्याच्या आंबवणीत ते नगण्य तयार होतं, शिवाय बिअर ऊर्ध्वपातित करत नाहीत, म्हणून ते साठून घट्टही होत नाही. हॉप्स, आम्लता आणि मद्यार्क यांमुळे धोकादायक जंतू बिअरमध्ये सहसा टिकत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट, घाण लागते, ती ओतून द्यावी. वर बुरशीची लव दिसली तर चाखूनही पाहू नका.

मग त्याच काढ्यापासून फेणीसारखं काही गाळता येईल का?

नाही. मद्यार्काची वाफ पेट घेते, स्वयंपाकघरातल्या ज्योतीशेजारी हा खेळ नाही, आणि परवान्याशिवाय गाळणं सरळ गुन्हा आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे भट्टीवाल्यांच्या पिढ्यांचा हात आहे. ते काम त्यांचं.

चव बिघडली तर कारण कसं ओळखायचं?

पिकलेल्या केळ्याचा वास किंवा नाकात जाणारी जळजळ: तापमान जास्त. कच्च्या सफरचंदाची चव: घाई केली, आणखी काही दिवस ठेवा. लोण्यासारखं, पॉपकॉर्नसारखं: यीस्टला शेवटची आवराआवर करू दिली नाही. औषधी वास: पाण्यातलं क्लोरीन. व्हिनेगर: हवा आणि चिलटं. ओल्या पुठ्ठ्याची चव: बाटलीत भरताना बिअर उंचावरून ओतली, हवा मिसळली. काढा थंड असताना हवा हवी, आंबल्यानंतर अजिबात नको.

कोकम, तिरफळ, माडाचा गूळ घालता येतो का?

येतो, पण दोन साध्या खेपा जमल्यावर. माझा सगळ्यात जीव यातच आहे. तिरफळ सिचुआन मिरीच्या कुळातलं, बांगड्याच्या उड्डमेथीत घालतो तेच. बी काढून टाका, पाच लिटरला चार-पाच सालं, शेवटच्या दोन मिनिटांत. जास्त घातलीत तर जीभ बधिर होते. स्विंडनला मी गावाहून नेलेली तिरफळं घालून केलेली फिकट एल शेजाऱ्याने तीन ग्लास मागून प्याली होती. धणे आणि संत्र्याची साल घालायची पद्धत तर बेल्जियममध्ये जुनीच आहे. माडाचा गूळ पूर्ण आंबतो, गोडी उरत नाही, मागे हलकी धुरकट चव राहते, एकूण धान्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठीक. कोकमाची आमसुलं बहुधा मिठाची असतात, ती नकोत. ताज्या फळाची सालं उकळी बंद केल्यावर दहा मिनिटं ठेवून काढा. उकडा तांदूळ घालायचा तर मऊ शिजवून माल्टबरोबर भिजवा, त्याच्याकडे स्वतःची विकरं नसतात, माल्टची उसनी घेतो.

वही ठेवायलाच हवी का?

हो, पाण्याच्या बिअरपासूनच. तारीख, खोलीचं तापमान, बादलीचं तापमान सकाळी सात आणि रात्री नऊ वाजता, बाटली कधी बदलली, लाईट किती वेळ नव्हती. माझ्या वहीतलं जानेवारीचं एक पान असं आहे: पहिला दिवस २०, २१. दुसरा २०, २२, दुपारी बाटली बदलायची राहिली. तिसरा २१, २०. चौथा २०, २०.

असं पान तुमच्या वहीत लागोपाठ दोनदा आलं की माल्ट मागवायला हरकत नाही.